नकाशाच्या डावीकडची भिंत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की माझ्या पर्समध्ये कोळसा असतो. कंगवा, मोबाइल, डोकेदुखीची गोळी आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला खिचडीच्या चुलीतला कोळसा. आमचे हे म्हणतात, "मास्तरीण आहेस की कोळसेवाली?" म्हणू देत. पर्सचं अस्तर काळं झालंय, रुमाल काळे झालेत आणि या दिवसांत माझी उजव्या हाताची बोटंही काळीच असतात. कुणाच्या हळदीकुंकवाला हात पुढं करायची लाज वाटते. पण सवय सुटत नाही, आणि खरं सांगायचं तर ती सोडायची माझी इच्छाही नाही.

हे दिवस दिसायला किती देखणे. कडा गावाहून आत वळलं की डोंगराच्या अंगाला आमची वाडी लागते. सीताफळं संपत आलेली असतात, उरलेली झाडावरच पिकून फुटतात आणि पाखरं त्यांत चोची घालून बसतात. शाळू वीतभर वर आलेला असतो. तूर फुलून पिवळी झालेली असते. सकाळी बाटलीतलं खोबरेल गोठायला लागतं आणि शाळेच्या व्हरांड्यात उन्हाचा चौकोन पडतो, त्यात पोरं दाटीवाटीनं बसतात. असं सगळं छान चाललेलं असताना एखाद्या सकाळी ट्रॅक्टरचा आवाज येतो. मागं दोन ट्रॉल्या. त्यांत पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, पाण्याचे ड्रम, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यांच्या वर पोरंबाळं. ट्रॉली शाळेपुढून जाते तेव्हा कालपर्यंत माझ्या वर्गात बसलेली पोरं वरून हात हलवतात. मीही हलवते. काय करणार दुसरं?

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येतात. त्या मधल्या काळाला इकडं नुसतं 'हंगाम' म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. अमक्याच्या घरचे दोन कोयते गेले म्हणजे चार माणसं गेली. पहिल्यांदा बदली होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे लोक अवजारं मोजतायत. मी बीडच्या गल्लीत वाढलेली, मला काय कळणार.

तिसरी-चौथी एका खोलीत, आणि शिकवायला मी एकटी. मोठे सर पहिली-दुसरी सांभाळतात, शिवाय खिचडी, टपाल, ऑनलाइन माहिती. चौथीला परिसर अभ्यास असतो. दिशा, नकाशा, जिल्ह्याच्या सीमा, नद्या, पिकं. आता ज्याला अक्षर ओळखू येत नाही त्याला इतिहास-भूगोल कसा शिकवायचा, असं मी एका प्रशिक्षणात विचारलं होतं. साहेब म्हणाले, आधी वाचन पक्कं करून घ्या. आमच्याकडं वाचन पक्कं होईस्तोवर पोरगं ट्रॉलीत बसलेलं असतं. पाडव्याला येतं तेव्हा पाटी कोरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मीही चारचौघांत बोलून मोकळी व्हायची.

मग गोदा चौथीत आली.

उंच, काटकुळी, नाकात चमकी, आणि तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, मला वाचाया येत न्हाई. आधीच सांगून ठिवते. मागून ओरडू नगा." मी म्हटलं, "ओरडत नाही, पण शिकायला लागेल." तर म्हणते, "शिकंन की. दिवाळीपत्तर जेवडं हुईल तेवडं." तिनं स्वतःच मुदत घालून घेतलेली.

पण त्या वर्षी दिवाळी झाली तरी गोदा गेली नाही. शिक्षणासाठी ठेवली असं कुणी समजू नका. तिचे आबा, म्हणजे बापाचे वडील, बांधावरून पडले आणि पाय मोडला. त्यांना भाकरी करून घालायला कुणीतरी हवं होतं. आई-बापू ट्रॉलीत बसले आणि ही चुलीपुढं बसली. सकाळी भाकरी थापून, आबांना तांब्या-भाकर हाताशी ठेवून शाळेत यायची. कधी कधी तिच्या कोपराला पीठ लागलेलं असायचं. मी ते पुसून टाकायची.

आमच्या खोलीच्या भिंतीवर बीड जिल्ह्याचा नकाशा आहे. कुण्या पेंटरनं कधीकाळी रंगवलेला, प्रत्येक तालुक्याला वेगळा रंग. आता रंग उडालेत, पण नावं शाबूत आहेत. आमची वाडी त्यात नाही, असणार कशी? म्हणून आष्टी तालुक्यात, कड्याच्या जवळ मी माझ्या कपाळाची टिकली काढून चिकटवली होती. ही आपली वाडी. चार दिवसांनी टिकली पडायची, मी दुसरी लावायची. पोरांना त्याचं फार अप्रूप. बाईंनी कपाळावरून काढून गावाला लावली.

त्या दिवशी सीमा शिकवत होते. पट्टीनं वरची निळी रेघ दाखवली आणि म्हटलं, "उत्तरेला गोदावरी." मागून आवाज आला, "काय बाई?"

"तुला नाही गं, नदीला म्हणतेय."

ती उठून पुढंच आली. भिंतीला नाक लावून उभी राहिली. "हे माझं नाव हाय व्हय? समदं?"

"सगळं. गो, दा, व, री."

तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. मग मागं वळून वर्गाला बजावलं, "मी लई वर हाय, बगा." सगळी पोरं हसली. आबांनीच ते नाव ठेवलं होतं. ते पैठणला त्यांच्या आईच्या अस्थी टाकून आले आणि त्याच संध्याकाळी नात झाली, म्हणून गोदावरी.

पुढच्या आठवड्यात तिनं जे केलं ते मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या नावातली अक्षरं ती नकाशाभर हुडकत हिंडली. मधल्या सुट्टीत, खिचडी खाताखाता, एका हातात ताट घेऊन. "गेवराईत माझा व हाय. माजलगावातबी हाय. वडवणीत तर दोन हायत, बाई. पाटोद्यात दा हाय." केजपाशी येऊन ती हिरमुसली. "केजात माझं काईच न्हाई." मी म्हटलं, "मग ते क आणि ज आपण नवीन घेऊ, केजकडून उसने." असं करत करत पोरगी जिल्हा फिरली आणि वाचायला लागली. डाव्या हाताला आष्टी, उजव्या हाताला परळी. परळीचं नाव तिनं सलग वाचलं त्या दिवशी मी घरी जाऊन शिरा केला. आमचे हे म्हणाले, कशाबद्दल? मी म्हटलं, परळीबद्दल.

मग आईचा फोन आला. आबांकडं साधा मोबाइल होता. दुसऱ्या दिवशी गोदा शाळेत आली ती थेट नकाशापाशी. "आई सांगलीकडं हाय म्हनली. कुठं ते दावा."

मी पट्टी टिकलीवर ठेवली, खाली आणि डावीकडं सरकवली, आणि नकाशा संपला. "इथून पुढं दुसरा जिल्हा," मी म्हटलं.

"तो कुठं हाय?"

"या नकाशात नाही."

"मंग आई कुठंच न्हाई का?" असं तिनं विचारलं. रडत नव्हती. चौकशी करावी तसं विचारलं. आपण इतकी वर्षं 'आपला जिल्हा, आपला जिल्हा' शिकवतोय, आणि त्या जिल्ह्याच्या रेघेच्या आत या पोरांची आईच नाही.

दुपारी मी पाणी पिऊन वर्गात आले तर गोदा भिंतीवर कोळशानं रेघ ओढत होती. नकाशाच्या काठापासून निघून पांढऱ्या चुन्यावरून सरळ खाली-डावीकडं. माझी पट्टी आपोआप वर गेली. मग मी ती खाली ठेवली. रेघ खिडकीच्या खाली जाऊन थांबली होती आणि तिथं तिनं लिहिलं होतं, आई. त्याखाली, बापू.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही भिंतच शिकलो. मोठा राज्याचा नकाशा आणून अंदाज घेतला. कोण कुठं बसतं? सोलापूर नकाशाच्या बरोबर खाली. सातारा खिडकीच्या कोपऱ्याला. सांगली-कोल्हापूर खिडकीखाली. बेळगाव पार फरशीला टेकलेलं, तिथं लिहायला पोरांना पोटावर झोपावं लागायचं. मागं राहिलेल्या प्रत्येक पोरानं आपापली माणसं लिहिली. मी नियम घातला की नुसतं नाव लिहून भागायचं नाही. फोन आला की तिथलं काहीतरी विचारायचं आणि नावाखाली एक ओळ लिहायची. तिथं नदी कुठली, लोक काय खातात, काय बोलतात. एकानं लिहिलं, 'इथं कानडी बोलतेत. आईला दुकानात बोट दाखवावं लागतं.' गोदानं लिहिलं, 'इथं नदीला बारा म्हैने पानी हाय. आईच्या हाताला उसाचं पान कापतं.' मी त्यातलं काही सुधारलं नाही. परिसर अभ्यास म्हणा, भाषा म्हणा, दोन्ही तासांचं काम त्या एका ओळीत होत होतं. एकदा एकीनं विचारलं, "बाई, कारखाना तर आपल्या कड्यात बी हाय, मंग आपली मानसं लांब कावून जातेत?" मी म्हटलं, हेही फोनवर विचारा. तिच्या बापानं काय सांगितलं कोण जाणे, तिनं ओळ लिहिली नाही.

दुसरा नियम असा, की एक माणूस एका वेळी एकाच जागी असतं. जो गेला त्याचं नाव भिंतीवर, जो गावात आहे त्याचं नाव टिकलीपाशी. पाडव्याला माणसं आली की ओलं फडकं घ्यायचं, भिंतीवरचं पुसायचं आणि नकाशाच्या आत लिहायचं. पोरांना हा नियम इतका पटला की तो माझा आहे हे ती विसरूनच गेली. मोठी पोरं लहानांना सांगतात आणि तसाच तो चालत आलाय.

गोदानं टिकलीला खेटून लिहिलं होतं, 'गोदा. इथंच.'

मी तेव्हा तिचा कान धरून म्हटलं होतं, "हे नाव या भिंतीवर कधी जाऊ द्यायचं नाही. नाहीतर माझ्याशी गाठ आहे." ती म्हणाली, "न्हाई जाऊ देत, बाई. कान सोडा." मला त्या वेळी फार काही नको होतं. दुसरी कुणी काहीही होवो, एवढी एक पोरगी टिकलीपाशी राहावी. आता सांगायला काय हरकत आहे, त्या एका नावापायी मी माझी बदली दोनदा नको म्हणाले.

आबांचा पाय जरा धरला तसे ते काठी टेकत शाळेकडं येऊ लागले. बरोबर दोन शेळ्या. शेळ्या कुंपणाला आणि आबा व्हरांड्यातल्या उन्हात. आत यायला लाजायचे. शाळा सुटली की गोदा त्यांना हाताला धरून भिंतीपाशी आणायची. आबा विचारायचे, "कुठं हायत गं आज?" ही वाचून दाखवायची, नाव, खालची ओळ, सगळं. आबा ऐकून घ्यायचे आणि मग खिडकीखाली, त्या नावांच्या शेजारी, तळहात टेकवून उभे राहायचे. म्हाताऱ्याचा हात तेलकट, मातकट. रोज त्याच जागी. पाडवा येईस्तोवर तेवढी भिंत मळून काळपट झाली. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, भिंत किती घाण केलीय, रंग द्या. मोठे सर म्हणाले, देतो साहेब. मोठ्या सरांचं ते 'देतो' आजतागायत चालू आहे आणि त्याबद्दल मी त्यांना सगळं माफ केलंय.

त्याच हंगामातल्या चाचणीत प्रश्न होता, ऋतू किती व कोणते? गोदाचं उत्तर होतं, 'ऋतू दोन. हंगाम आणि घर.' मी पेपर मोठ्या सरांना दाखवला. ते आधी खो खो हसले. मग चष्मा काढून बाहेर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. मी त्या उत्तरावर बरोबरची खूण केली. कुणी विचारलंच तर काय सांगायचं ते पुढचं पुढं.

आणि तो पाडवा. आदल्या रात्री ट्रॉली आली होती. सकाळी गोदा आईला ओढतच शाळेत घेऊन आली. कांताबाई उन्हानं रापलेल्या, हाताला चिंध्या बांधलेल्या. "हे कोन हाय सांग," गोदानं बोट ठेवून विचारलं. आईला कुठलं वाचता येतंय. "तू हाईस," गोदा म्हणाली, "आन हे बापू." कांताबाई वाकून बघत राहिल्या. गोदानं फडकं उचललं तसा त्यांनी तिचा हात धरला. "थांब गं जरा. बगू दे." मग म्हणाल्या, "हं, पूस." पुसल्यावर दोघी हसल्या. इतका आनंद मी माझ्या लेकाच्या दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता.

चौथीनंतर गोदा कड्याच्या हायस्कुलात जाऊ लागली. पण हंगाम लागला की सायकल आमच्या शाळेपुढं उभी राहायचीच. येऊन आई-बापू भिंतीवर लिहायची, लहानांना लिहायला मदत करायची, आबांना वाचून दाखवायची. टिकलीपाशी नाव तसंच. दर वर्षी ती ते कोळशानं गिरवून घट्ट करायची, की फडक्याच्या ओलीनं चुकून जायला नको.

यंदा आषाढात आबा गेले. झोपेतच. बाराव्याला मी गेले होते. कांताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, आबा व्हते म्हनून पोरगी मागं ऱ्हात व्हती. आता कुनापशी ठिवू?" मी म्हटलं, "माझ्याकडं ठेवा. माझी खोली कड्यात आहे, तिची शाळाही तिथंच आहे." त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तुमी चांगल्या हाव बाई. पन गाव काय म्हनंल? आन फडात घिऊन जावं म्हनलं तर वयात आलेली पोर. पालाला दार नसतंय." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत काहीतरी मार्ग काढू. "बगू," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. जिच्या घराला दार नाही तिला मी दारामागून काय शिकवणार?

दिवाळीच्या सुट्टीत मी बीडला माहेरी गेले. तिळाचं तेल, उटणं, भाऊबीज, बिंदुसरा नदी भरलीय म्हणून सगळे मिळून पालीला धरण बघायला जाणं. त्याच दिवसांत वाडीत काय झालं ते मला शाळा उघडली त्या दिवशी कळलं. पोरं नेहमीप्रमाणं भिंतीपाशी जमली होती. गोदाच्या चुलत्याची सोनी, तिसरीत आहे, हातात कोळसा घेऊन मला विचारते, "बाई, गोदाताईचं कुठं लिवू?"

मी म्हटलं, "तिचं आहे की आत. टिकलीपाशी."

"ती न्हाई आता हितं. लगीन झालं तिचं. कोयत्याला गेली. ठिकान अजून कळलं न्हाई."

नववीतली पोरगी. तिचं वय लग्नाचं नव्हतं हे सगळ्या वाडीला माहीत होतं, आणि म्हणूनच ते चार दिवसांत, मांडव न घालता उरकलं. पोराकडं कोयता अर्धा होता, तो पुरा झाला. मी तक्रार केली. करायलाच हवी होती. वाडीतले लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. कागद इकडून तिकडं गेला, साहेब लोक येऊन रिकाम्या घराला कुलूप बघून गेले. ऊसतोडीची टोळी तेव्हा कुठल्या कुठं पोचली होती.

गेल्या आठवड्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागं ट्रॅक्टर घरघरत होता.

"बाई, मी गोदा. आवाज येतो का?"

"येतो. बोल. जेवलीस का?"

"जेवले की. बाई, येताना मी रस्त्यावरच्या समद्या पाट्या वाचल्या. ट्रॉलीत मीच सांगत व्हते, आता हे आलं, आता ते आलं. सासरे म्हनले, बरं झालं, सुनंला वाचता येतंय, आता वाट चुकायची न्हाई."

मागून कुणीतरी रुक्मिणी, रुक्मिणी अशी हाक मारत होतं.

"मलाच बोलवायलेत," ती म्हणाली. "लग्नात नाव बदललं. बाई, आइका. मी खिडकीखाली हाय. आबा हात ठिवायचे का न्हाई, त्याच्या लगटूनच. तितं लिवा मला. गोदाच लिवा, हितलं नाव लिवू नगा. आन आतलं पुसा. एक मानूस एकाच जागी असतंय."

"गोदा," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला होता. नंतर लावला तर एका पुरुषानं उचलला आणि कोण पाहिजे असं विचारलं. मी कापला. त्या दिवशी मी वर्गात नुसती बसून राहिले आणि पोरांना चित्र काढायला सांगितलं. फार वाईट वाटत होतं. जिल्हाभर अक्षरं गोळा करत फिरलेली पोरगी, तीच अक्षरं वाचत वाचत नकाशाबाहेर निघून गेली. मी तिला वाचायला शिकवलं ते यासाठी नव्हतं. पण कशासाठी होतं असं कुणी विचारलं तर तेही मला आज नीट सांगता येणार नाही.

काल लिहिलं. पर्समधून कोळसा काढला, खिडकीखाली बसले आणि आबांच्या हाताची जागा शोधली. शोधायची काय, दिसतेच ती. तिथं कोळसा उमटेना. भिंतच इतकी मळलेली की काळ्यावर काळं. मग उठून खडू आणला आणि पांढऱ्यानं लिहिलं, गोदा.

सोनी मागं ओलं फडकं घेऊन तयार होती. "बाई, आतलं पुसू?"

"नको."

"पन मग चुकतंय न. ताई दोन जागी हुईल."

"होऊ दे."

"कुटवर?"

"पाडव्यापर्यंत. तेव्हा बघू कुठलं पुसायचं ते."

तिला हे काही पटलं नाही. नियम म्हणजे नियम. थोडा वेळ ती टिकलीपाशी घुटमळली. मग फडकं खांद्यावर टाकून माझ्या शेजारी येऊन बसली. "खाली ओळ लिवायची ऱ्हायली. तितं काय काय हाय ते इचारलं का तुमी?"

नव्हतं विचारलं. मी तसं सांगितलं. सोनीनं माझ्या हातातला खडू घेतला, जीभ दातात धरून बराच वेळ लिहिलं, आणि सरकून मला वाचायला जागा करून दिली. 'इथं गोदाताई हाय. तिला समद्या पाट्या वाचता येतेत.'

मी वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला गेले तर दिसेना. सोनी उठली, फडकं बाहेर नेऊन पिळलं आणि व्हरांड्यातल्या दोरीवर वाळत घातलं. पाडव्याला लागेल म्हणाली.